नाकावरचं वारं

हळ्ळीखेडच्या शिवारात बाणूबाईची मेंढरं उद्धवरावांच्या तुरीत शिरली, तेव्हा बाणूबाई बांधावरच्या लिंबाला टेकून झोपली होती. नुसता डोळा लागला होता असं नव्हे. मान छातीवर पडलेली, तोंड उघडं, हातातली काठी गळून बाजूला. शेंगांनी लगडलेली तूर मेंढरं ओरबाडून खात होती आणि ती आपली घोरत होती.

उद्धवराव लांबूनच शिव्या देत आले. पण जवळ पोचले आणि त्यांचा शब्द तोंडातच राहिला. मघापासून ऐकू येणारं घोरणं एकाएकी बंद पडलं होतं. छाती हिसके देत होती, पण श्वास आत जात नव्हता. ओठ काळवंडायला लागले होते.

"अक्का! ओ अक्का!" त्यांनी तिचा खांदा गदागदा हलवला.

बुडालेलं माणूस पाण्यावर यावं तशी बाणूबाई मोठ्ठा श्वास ओढत जागी झाली. समोर मालक आणि तुरीत मेंढरं बघून शरमेनं ती धडपडत उठायला लागली. "चुकलं बगा, आत्ता हाकलते..."

"मरू द्या ती तूर," उद्धवराव मटकन बांधावर बसले. "मला वाटलं, तुमीच गेलाव."

बाणूबाईनं पन्नाशी ओलांडली होती. अंगानं भरलेली, गळा आखूड, आवाज खणखणीत. माहेर-सासर दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली माणसं. आता तिच्या घरी थोडी शेती होती आणि जुनी सवय सुटत नाही म्हणून ठेवलेली थोडी मेंढरं. पण गेल्या काही वर्षांत तिला झोपेनं घेरलं होतं. भाकरी थापता थापता तिचा डोळा लागे आणि तव्यावरची भाकरी जळून कोळसा होई. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सगळं गाव रानात जेवायला बसलं, तेव्हा ती आंबिलीची वाटी हातात धरूनच पेंगली होती आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. रात्रभर झोपूनही सकाळी डोकं जड व्हायचं. लोकांना ती आळशी वाटे. तिलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

आणि घोरण्याची लाज तर वेगळीच. पुरुष घोरला तर लोक हसून सोडून देतात. बाई घोरली की नावं ठेवतात. म्हणून ती कुणाच्या घरी मुक्कामाला जात नसे. लेक धनलक्ष्मी भालकीत दिलेली, एवढी जवळ, पण तिच्या घरीही बाणूबाई दिवसा जाऊन संध्याकाळच्या बसनं परत यायची. "मेंढरांना कोण बगंल?" हे तिचं कायमचं उत्तर. घरातसुद्धा नवरा बिराप्पा कधीचा बाहेर ओट्यावर झोपायला गेला होता. त्यानं कधी तोंडातून काही काढलं नव्हतं, पण तिला कारण कळत होतं. ती दार लावून आत झोपायची, उन्हाळ्यातसुद्धा.

उद्धवरावांनी तुरीची भरपाई काही मागितली नाही, पण त्याच संध्याकाळी बिराप्पाला गाठून पाहिलेलं सगळं सांगितलं. बिराप्पानं रात्री लेकीला फोन लावला. आठवड्याभरात धनलक्ष्मी दोघांना घेऊन गुलबर्ग्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी बाणूबाईला काही विचारलं, ती उत्तर देत गेली. मग त्यांनी विचारलं, "झोपेत श्वास थांबतो का?"

"मला काय ठाऊक? मी झोपलेली असते," बाणूबाई म्हणाली.

"थांबतोय," मागून बिराप्पा म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. बिराप्पा कमी बोलणारा माणूस. कुठल्या ऑफिसात, दवाखान्यात गेला तर तो भिंतीला चिकटून उभा राहणार आणि लेकीला बोलू देणार. पण आता तो डोक्याचा रुमाल काढून हातात धरून पुढं आला आणि सावकाश सांगायला लागला.

"आवाज चालू हाय तवर मला भ्या न्हाई. आवाज थांबला की भ्या वाटतंय. मी वाट बगतो. लईच वेळ झाला तर दाराची कडी वाजवतो. मग ही दचकती, श्वास घेती, कूस बदलती. पुन्ना आवाज चालू होतोय. मग मी आडवा होतो."

"रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोजच की."

बाणूबाई त्याच्याकडे बघतच राहिली. रात्री वाजणारी ती कडी! तिला वाटायचं, वाऱ्यानं वाजते. कधी वाटायचं, मांजर. एकदा तर तिनं कडीला चिंधी गुंडाळून ठेवली होती आणि सकाळी ती सोडलेली दिसली, तेव्हा नवऱ्यावरच चिडली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मला कामून सांगितलं न्हाई तुमी?"

"काय सांगू? तू झोपेत मरायलीस म्हणू?" बिराप्पा म्हणाला आणि चहाच्या गाड्याकडे चालू लागला.

मग तपासणी झाली. अंगाला तारा लावून एक रात्र दवाखान्यात झोपवलं. निदान आलं: स्लीप ॲप्निया. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, श्वास अडतो, आणि जीव घाबरून पुन्हा पुन्हा जागा होतो. माणसाला ते आठवत नाही, पण झोप अशी होतच नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आळशी नाही, अक्का. तुम्ही कित्येक वर्षं नीट झोपलेल्याच नाही." धनलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाणूबाईला मात्र आधी हायसंच वाटलं. आजाराला नाव होतं.

उपाय म्हणजे सीपॅपचं मशीन. डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला तोंडावर बांधायचा मास्क. मशीन देणाऱ्या दुकानात स्नेहा म्हणून एक मुलगी होती. तिनं सगळं समजावून सांगितलं. "ह्यात ऑक्सिजन नाही, मावशी. आपलीच हवा असते. हवेच्या दाबानं गळा उघडा राहतो, एवढंच." ऐकताना सगळं सोपं होतं. दुकानात खुर्चीवर बसून लावलं तेव्हाही ठीक वाटलं.

घरी पहिल्याच रात्री बाणूबाईनं मास्क बांधला, आडवी झाली आणि दिवा मालवला. हवा आत आली, गार, कोरडी, जोरात. श्वास घेणं सोपं होतं. सोडायला गेली तर सुटेना. समोरून येणारं वारं तिचाच श्वास तिच्या तोंडात परत कोंबत होतं. तिनं जोर लावला तर मास्कच्या कडेनं हवा फुसकन डोळ्यात गेली. छाती भरलेली आणि रिकामी होत नाही. कानात ढोल वाजल्यासारखं झालं. तिनं दोन्ही हातांनी पट्टे ओढून मास्क काढला आणि दार उघडून ओट्यावर येऊन बसली.

"काय झालं?" बिराप्पा उठून बसला.

"काई न्हाई. उकडायलंय."

दुसऱ्या रात्रीही तेच. त्यानंतर तिनं दात-ओठ खाऊन जरा जास्त वेळ काढला, पण डोळा लागला रे लागला की घाबरून उठायची. तोंडाला कोरड, नाक चोंदलेलं, गालांवर पट्ट्यांचे वळ. मग तिनं मशीन पिशवीत भरून माळ्यावर ठेवून दिलं. धनलक्ष्मीचा फोन आला की म्हणायची, "लावायले की. लई बरं वाटायलंय." बिराप्पा ते ऐकायचा. रात्री कडी पुन्हा वाजायला लागली. आता ती कडी कशानं वाजते हे तिला माहीत होतं, आणि त्यामुळं पुढं झोप लागणं आणखी अवघड जायचं.

एके दिवशी दुपारी ती रानातून आली, तर घरातून विचित्र आवाज येत होता. आत बिराप्पा बाजेवर बसलेला. माळ्यावरचं मशीन खाली काढून त्यानं चालू केलं होतं आणि मास्क स्वतःच्या तोंडावर बांधला होता. उलटा. मिशा एका बाजूनं बाहेर आलेल्या, डोळे वटारलेले, रुमाल डोक्यावरून घसरून मांडीवर. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता. बाणूबाईनं धावत जाऊन पट्टे सोडले.

"आगं आई गं," तो धापा टाकत म्हणाला. "हे तर मुसकं हाय गं! बैलाला तरी मळणीपुरतंच बांधतो आपण."

बाणूबाईला हसू आवरेना. किती दिवसांनी ती अशी पोट धरून हसली. हसता हसता खाली बसली आणि मग डोळे पुसत म्हणाली, "श्वास सुटत न्हाई. आत येतंय, भायेर जात न्हाई. जीव जातोय असं वाटतंय."

"मग हे असं हाय म्हणून सांगितली कामून न्हाईस?"

"पोरीनं आणि जावयानं एवढा खर्च केला. कसं सांगू?"

बिराप्पानं फोन काढला आणि स्नेहाचा नंबर लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवून तो म्हणाला, "मॅडम, मी हळ्ळीखेडहून बिराप्पा. आमच्या घरचं मशीन नीट चालायलंय, पण माणूस चालंना."

स्नेहा हसली, पण लगेच गंभीर झाली. तिनं बाणूबाईला एकेक गोष्ट विचारली. कुठं अडतं? घेताना की सोडताना? तोंड उघडं राहतं का? नाक चोंदतं का? बाणूबाईनं सगळं खरं सांगितलं. पहिल्यांदाच.

"मावशी, यात तुमची चूक नाही," स्नेहा म्हणाली. "सुरुवातीला पुष्कळ लोकांना असंच गुदमरल्यासारखं होतं. काही जण तर पहिल्याच आठवड्यात सोडून देतात. तुम्ही मशीन घेऊन या. डॉक्टरांना विचारून आपण मशीनचं सेटिंग बदलू. आणि तोवर एक करा. रात्री लावूच नका. दिवसा लावा, बसून. पट्टे बांधायचे नाहीत, मास्क नुसता हातानं नाकाशी धरायचा. नको वाटलं की खाली ठेवायचा. तो कधी काढायचा हे तुमच्या हातात आहे, हे जिवाला कळू द्या."

दोघं गुलबर्ग्याला जाऊन आले. तोंड झाकणारा मोठा मास्क जाऊन फक्त नाकाशी बसणारा लहान आला. स्नेहानं मशीनमध्ये असं लावून दिलं की सुरुवातीला वारं मंद असेल, झोप लागेपर्यंत हळूहळू वाढेल, आणि श्वास सोडताना दाब आपोआप थोडा कमी होईल. पाण्याची छोटी डबी बसवली, त्यानं हवा ओलसर आणि कोमट यायला लागली. नाकात टाकायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. निघताना ती म्हणाली, "श्वास ढकलू नका, मावशी. नुसता सोडून द्या. वाऱ्याशी भांडलात की वारं जिंकतं."

मग दुपारची शिकवणी सुरू झाली. जेवणं झाली की बाणूबाई भिंतीला टेकून बसायची, समोर सुपात सोलायच्या तुरीच्या शेंगा, मशीन पाटावर. एका हातानं मास्क नाकाशी धरायचा, दुसऱ्या हातानं शेंगा चाचपायच्या. श्वास आत. श्वास बाहेर. घाबरल्यासारखं झालं की मास्क खाली. पाणी प्यायचं. पुन्हा धरायचा. बिराप्पा उंबऱ्याशी बसून सोलायला मदत करायचा आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायचा. कुणाची उसाची गाडी कारखान्यावर किती वेळ रांगेत अडकली, कुणाच्या मेंढीला जुळी झाली. बोलणं मुद्दाम कंटाळवाणं असायचं. तिला वाटायचं, हा माणूस लग्नापासून बोलला नसेल तेवढं ह्या महिन्यात बोलायलाय.

शेजारची लिंगम्मा मीठ मागायला आली आणि दारातच थबकली. "अय्यो, हे काय गं? हत्तीची सोंड?"

पूर्वी बाणूबाईनं मशीन पदराखाली झाकलं असतं. आता तिनं मास्क खाली घेतला आणि म्हणाली, "व्हय. घोरते ना मी. त्यावर औषध हाय हे."

"घोरण्यावर?" लिंगम्मा आत येऊन बसली. तिनं नळी निरखली, हवेपुढं हात धरून पाहिला. मग आवाज खाली आणून विचारलं, "आमचे हे पण लई घोरतेत गं. मधीच थांबतेत पण. दाखवावं का?"

"दाखव," बाणूबाई म्हणाली. "आजच सांग त्यास्नी."

हातानं धरणं जमल्यावर पट्टे बांधून बसणं आलं. तिथं पुन्हा अडलं. पट्टा मागं आवळला की जुनी भीती परत यायची, छाती धडधडायची. एक दिवस तर ती मास्क भिरकावून उठली आणि मेंढरांच्या वाड्यात जाऊन उभी राहिली. "न्हाई जमायचं मला. जसं हाय तसं राहू द्या," ती म्हणाली.

बिराप्पा मागून आला. त्यानं समजूत घातली नाही. एक कोकरू उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ह्याला पाजायचंय, धर जरा." दोघांनी मिळून कोकराला आईजवळ धरलं. कोकरू आधी धडपडलं, मान फिरवली, मग लुचायला लागलं. ते प्यायलं तोवर तिची धडधड थांबली होती. त्या दिवशी तिनं मशीनला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर स्वतःच पाटावर काढून ठेवलं, पट्टा जरा सैल केला आणि बांधला.

हळूहळू तिला त्यातली खोच कळली. श्वास सोडताना घाई केली की अडतं. खांदे सैल टाकून, मनात लांब "हूं" म्हणत सोडला की जातो. नाकाच्या पुढं लहान लहान भोकं होती, तिथून तो सुस्कारत बाहेर पडायचा. तोंड मिटून ठेवायचं, जीभ टाळूला. वारं येऊ द्यायचं, आपण आपलं जाऊ द्यायचं.

ऊन तापायला लागलं होतं. एका दुपारी शेंगा संपल्या, सूप रिकामं झालं. बिराप्पा ओट्यावर दोरी वळत बसला होता. बाणूबाई मास्क बांधूनच कुशीवर कलंडली, नुसती पाठ टेकावी म्हणून. मशीन बारीक आवाजात सुस्कारत होतं. ती त्याच्या लयीत श्वास घेत राहिली, आणि कधी काय झालं ते तिला कळलंच नाही.

तिनं डोळे उघडले तेव्हा उन्हाची तिरीप दारातून सरकून चुलीपर्यंत आली होती. डोकं हलकं होतं. इतकं हलकं की तिला ते आपलं वाटेना. आणि समोर, अगदी जवळ, बिराप्पा गुडघ्यावर बसला होता. त्यानं आपला उजवा तळवा तिच्या नाकापुढं, त्या भोकांसमोर धरला होता. दोरीचे धागे अजून बोटांना चिकटलेले. चेहरा असा, की जणू कुणी त्याला ओरडून दचकवलं होतं.

तिनं मास्क खाली ओढला. "काय झालं हो?"

"काई न्हाई."

"मग हे काय करायलाव?"

बिराप्पानं हात मागं घेतला. "आवाज आला न्हाई," तो म्हणाला. "मी दोरी वळायलो होतो. एकदम ध्यानात आलं, कवापासनं तुझा आवाजच न्हाई. म्हणून आलो. तर वारं येत होतं. येत होतं, जात होतं. मग बसलो हितंच."

"किती वेळ बसलाव?"

"ऊन तिकडं होतं," त्यानं उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

बाणूबाईनं त्याचा तो तळवा हातात घेतला. तो गार पडला होता. एवढा वेळ तिच्या श्वासाचं वारं त्यावर लागत होतं. मग ती म्हणाली, "च्या ठेवते," आणि उठली. उठताना भिंतीचा आधार लागला नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्यानंतरही सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. काही रात्री ती मध्येच मास्क काढून टाकायची. लाईट गेली की मशीन बंद पडायचं आणि उठावं लागायचं, तेव्हा जावयानं बॅटरी आणून जोडून दिली. सर्दी झाली तर चार रात्री सुट्टी. पण भाकऱ्या जळणं थांबलं. रानात बसल्या बसल्या मान पडेना. डॉक्टरांनी बीपी तपासलं आणि समाधानानं मान हलवली. पुढच्या अमावस्येला ती भालकीला लेकीकडे मुक्कामाला राहिली, पिशवीत मशीन घेऊन, आणि रात्री विहीणबाईंना तो सगळा प्रकार तिनं स्वतःच दाखवला.

बिराप्पानं बाज ओट्यावरून आत आणली. पण त्याची झोप काही जागेवर येईना. आवाजाची राखण करत इतकी वर्षं गेलेली, आता शांततेत तो दचकून उठायचा, अंधारात हात पुढं करून वारं तपासायचा आणि मग पडायचा. बाणूबाईला ते कळायचं. ती फक्त थोडी त्याच्याकडे तोंड करून झोपायची, म्हणजे हात लांब न्यावा लागू नये.

एक दिवस सकाळी ती उठली, मास्क काढून धुतला, वाळत घातला. उजाडून बराच वेळ झाला होता. वाड्यात मेंढरं ओरडायला लागली होती. रोज ही वेळ म्हणजे बिराप्पानं वाडा उघडून, झाडलोट करून पाणी पाजायची. तो बाजेवर पालथा झोपला होता, एक हात खाली लोंबत, तोंड उशीत रुतलेलं. लग्न झाल्यापासून तिनं त्याला ऊन वर आल्यावर झोपलेलं पाहिलं नव्हतं.

लिंगम्मा घागर घेऊन दारावरून चालली होती. "बिरण्णा अजून झोपायलाय? बरं न्हाई का?"

"बरं हाय की," बाणूबाई हळू आवाजात म्हणाली. "ओरडू नको. झोपू दे त्यास्नी."

तिनं दार अलगद ओढून घेतलं, काठी उचलली आणि मेंढरं सोडायला वाड्याकडे गेली.